उजेडानं उघडणारे थेंब

इमल्शन म्हटलं की अमरावतीत समोरच्याला भिंतीचा रंग आठवतो. माझ्या थोरल्या जावेनं एकदा भर पंगतीत मला विचारलं होतं, "आमच्या हॉलले कोनता रंग बरा दिसन गं? तू तं त्यातलीच ना!" उभी हयात फार्मसी कॉलेजात शिकवण्यात गेली, शेवटची वर्षं इमल्शनवर संशोधन करण्यात गेली, आणि घरच्यांच्या लेखी मी रंगवाली. मी तिला फिकट पिवळा सांगितला. तिनं तो खरोखर लावला, आणि अजून पाहुण्यांना सांगते की आमच्या मॅडमनं निवडला.

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना अट घातली की कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा. अट रास्त आहे. सोप्या शब्दांत सांगता येत नसेल तर विषय तुम्हालाच कळलेला नाही, असं मी वर्गात पोरांना सुनावत असे. आता माझीच परीक्षा आहे.

तेल आणि पाणी बाटलीत घालून जोरात हलवलं की घटकाभर दोन्ही एकजीव झाल्यासारखी दिसतात. मग हळूहळू तेल वर येतं आणि पाणी खाली राहतं. त्यांना एकत्र नांदवायचं, म्हणजेच इमल्शन करायचं, तर मध्ये कुणीतरी लागतो. क्रीम-लोशनमध्ये हे काम साबणाच्या जातीची रसायनं करतात. आम्ही साबणाऐवजी वाळू वापरली. म्हणजे वाळूच, सिलिका, पण इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसायची नाही. हे नॅनोकण तेलाच्या थेंबाभोवती दाटीवाटीनं बसतात, खसखशीत घोळवलेल्या लाडवावर खसखस बसते तसे. मग दोन थेंब एकमेकांत मिसळू शकत नाहीत. थेंबाच्या पोटात औषध ठेवायचं आणि वरून वाळूचं कवच.

पुढची करामत कणांच्या अंगावर होती. त्यांच्यावर आम्ही असा एक रेणू बसवला होता की निळा उजेड पडला की तो वाकतो. तो वाकला की कणाचं तेलावरचं मन उडतं आणि तो पाण्यात निघून जातो. कवच उघडतं, थेंब फुटतो, औषध बाहेर येतं. अंधारात सगळं जागच्या जागी.

हे सगळं कशासाठी? मधुमेहाच्या जखमांसाठी. पायाची अशी जखम महिनोन्महिने भरत नाही. रोज पट्टी सोडायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची, आणि सोडताना जी कोवळी कातडी आलेली असते तीही निघून यायची. आमचा विचार असा की औषध एकदाच भरून ठेवावं, वर पारदर्शक पट्टी लावावी आणि डॉक्टरनं वरून उजेड दाखवावा. थोडा उजेड दाखवला तर थोडं औषध, जास्त दाखवला तर जास्त. पट्टी सोडायला नको.

आता असं द्रव्य करायचं तर ते उजेडातच करून कसं चालेल? म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते आणि आत एक लाल दिवा लागायचा. लाल उजेडाचं त्या रेणूला काही वाटत नसे. कॉलेजातली पोरं तिला 'फोटोवाल्याची खोली' म्हणायची. खिडक्या बंद म्हणून कूलर लावता येईना, आणि अमरावतीचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे. एसी फार पुढे, अनुदान आल्यावर आला. तोवर आम्ही त्या भट्टीत ओले रुमाल मानेवर टाकून काम केलं. तरी आज सगळ्यात जास्त आठवते ती तीच खोली. लाल उजेडात सगळ्यांचे चेहरे जरा बरे दिसायचे, पांढरे कोट गुलाबी व्हायचे, घुसळणाऱ्या यंत्राची बारीक शिट्टी चालू असायची, आणि त्या शिट्टीच्या सुरात सूर मिसळून प्रतीक्षा काहीतरी गुणगुणत असायची.

प्रतीक्षा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली. वडील सुखदेवराव एसटीत ड्रायव्हर होते, धारणीच्या घाटातल्या गाड्यांवर त्यांची अर्धी नोकरी गेली. पोरगी हुशार आणि त्याहून हट्टी. एखादा प्रयोग बिघडला की तिचा गुणगुणण्याचा आवाज वाढायचा, त्यावरून मला दाराबाहेरूनच कळायचं की आज आत काहीतरी बिनसलंय.

आमचं इमल्शन बाटलीत छान टिकू लागलं तेव्हा जखमांचा जाणकार माणूस हवा झाला. तो अकोल्यात मिळाला. तिथले एक सर्जन, माझ्या भावाचे मित्र, जन्मानं आणि बोलण्यानं पक्के अकोलेकर. मी त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत असे, इथंही तसंच म्हणते. ते म्हणाले, "मॅडम, कागद नका दाखवू, माल दाखवा." म्हणून आम्ही माल घेऊन निघालो. बाटल्या काळ्या कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या, ऑटोनं बडनेरा गाठलं आणि गाडीत बसलो. समोरच्या बाईंनी डब्याकडे बघून विचारलं, "ताक हाय काय?" प्रतीक्षा म्हणाली, "औषध आहे, मावशी. उघडलं तं खराब होते." बाईंनी संशयानं आमच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

डॉक्टरांच्या अकोल्यातल्या मेडिकल कॉलेजात पोचलो तर शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. त्यातली कॉइल क्षार बसून बसून जळून गेली होती. आम्ही घट्ट इमल्शन आणलं होतं, ते तिथे पाण्यानं पातळ करून मग उजेड दाखवायचा होता. तिथल्या लोकांनी पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा कॅन पुढे केला. प्रतीक्षानं तळहातावर थोडं घेऊन चाखलं. "गोडं आहे मॅडम, एकदम गोडं." डॉक्टरांनीही चाखलं. "बिलकुल गोडं," त्यांनी निर्वाळा दिला. नुसतं दाखवण्यापुरतं तर आहे, म्हणून मीही मान डोलावली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या जमिनीच्या पोटातलं पाणीच खारं. विहिरी खाऱ्या, बोअर खारे. तिथे जन्मलेल्या माणसाच्या जिभेला कमी खारं पाणी हेच गोडं पाणी. प्रतीक्षा त्या पट्ट्यातली, डॉक्टरही त्यातलेच.

खिडक्या झाकून, लाल बत्तीच्या उजेडात तिनं इमल्शनमध्ये ते पाणी घातलं आणि निळ्या दिव्याकडे हात नेला. दिवा लागण्याच्या आधीच बाटलीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागल्या. बघता बघता तेल वर आलं. डॉक्टर बाटली हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं औषध लय उतावीळ आहे. बत्ती लावायचीही वाट नाही पाहत."

मी कॅनमधलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मी परतवाड्याची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाण्यावर वाढलेली. ते पाणी चक्क मचूळ होतं. कणांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांपासून अंतर राखून असतात. पाण्यात क्षार आले की ते अंतर संपतं आणि कण गोळा होतात. हे पहिल्या धड्यातलं ज्ञान, आम्हा तिघांनाही पाठ. पण दोन पदव्युत्तर जिभांनी पाण्याला प्रमाणपत्र दिलं होतं आणि मी ते चालवून घेतलं.

परतीच्या गाडीत मला राहून राहून हसू येत होतं. मूर्तिजापूर स्टेशन आलं, प्रतीक्षाचं गाव जवळ, तरी तिनं खिडकीबाहेरही पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "मॅडम, जखमेतलं पाणी बी खारंच असते ना?"

माझं हसू तिथेच थांबलं. रक्त खारट, घाम खारट, जखमेतून झिरपतं तेही खारट. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण 'ते पुढे बघू' म्हणून बाजूला ठेवलं होतं. अकोल्याच्या पाण्यात जे टिकत नाही ते माणसाच्या पायात काय टिकणार? तोवर केलेलं सगळं काम शुद्ध पाण्यातलं होतं, आणि शुद्ध पाण्याची जखम कुणाला होत नाही. कणांवर नवा लेप शोधायला हवा होता, जो खाऱ्यातही कणांना एकमेकांपासून दूर ठेवील आणि उजेडालाही दाद देईल. त्यात पुढचं वर्षभर गेलं, आणि वरचे काही महिने.

नेमकं त्याच काळात सुखदेवरावांच्या पायाचं झालं. त्यांना मधुमेह जुनाच. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेसाठी चप्पल काढून ते अंगणातल्या फरशीवर उभे राहिले. वैशाखातली दुपार. बाकीचे लोक पाय उचलून उचलून सावलीला सरकले. हे शांतपणे उभे, कारण तळपायाची संवेदना गेली होती आणि ते त्यांना कळलंच नव्हतं. घरी आल्यावर मुलीनं पाहिलं तर उजव्या टाचेला मोठा फोड. त्याची जखम झाली, जखम आत शिरली. मी त्यांना अकोल्याला आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पावसाळा संपत आला तेव्हा नवा लेप पहिल्यांदा जमला. खारट पाण्यात इमल्शन टिकलं, निळा दिवा लावला की उघडलं, बंद केला की थांबलं. प्रतीक्षानं तो प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला. त्या दिवशी ती गुणगुणली नाही. हातमोजे काढून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, एक इचारू?"

ती काय विचारणार ते मला समजलं होतं.

"बाबाच्या पायाले लावून पाहू काय?"

मी नाही म्हटलं. ते इमल्शन अजून उंदरालाही लावलेलं नव्हतं. ते कण जखमेतून रक्तात उतरतात का, उतरले तर कुठं जाऊन बसतात, यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

"पन काम तं करून राहिलं ना ते!"

"बाटलीत करून राहिलं, बाई. बाटलीले किडनी नसते."

मी तिच्याशी वऱ्हाडीत बोलले, कारण नाहीच म्हणायचं तर परक्या आवाजात म्हणवेना. ती मान खाली घालून परत यंत्राकडे गेली. त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्कूटर चालवणं जड गेलं. आपण औषध बनवतो आणि समोरच्या माणसाला ते देऊ शकत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट दुखणं आहे. पुस्तकात ते कुणी लिहीत नाही.

पुढच्या सोमवारी मी इमल्शनच्या बाटल्यांची काळी पेटी उघडली तर नव्या बाटल्यांच्या रांगेत एक जागा रिकामी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागाच्या मागोमाग भीती आली. लावलं असेल तर? काही झालं असेल तर? प्रतीक्षाचा फोन बंद. मी वर्गात जाऊन काय शिकवलं ते पोरांना कळलं असेल तर त्यांची कमाल आहे.

दुपारी कॉलेजच्या फाटकाशी ऑटो थांबली. सुखदेवराव मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. पायाला भली मोठी पट्टी, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. प्रतीक्षाचे डोळे सुजलेले होते.

"जयभीम, मॅडमजी." खुर्चीत टेकल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून काळ्या कापडाची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे तुमचं. पोरीनं आनलं होतं. लावलं नाही जी, पाहून घ्या."

बाटली सीलबंद होती. मी विचारलं, "का नाही लावलं?"

"तिनं सगळं मांडलं होतं. पट्टी सोडली, बत्ती काढली. ती झाकनाले हात लावतच होती, पन म्या म्हनलं, थांब बाप्पा. बरा झालो तं तुले कोनाले सांगता येनार नाही. अन् पाय गेला तं लोकं म्हनतीन शुगरनं गेला. पन तू म्हनशीन माह्यानं गेला. जिंदगीभर म्हनशीन. मंग काहून लावा?"

प्रतीक्षाला हुंदका आवरेना. मी सकाळपासून तिच्यासाठी चांगली खरमरीत बोलणी तयार ठेवली होती, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी कँटीनमधून चहा मागवला आणि सोबत गिल्ला वडा, आमच्याकडचा दह्यात भिजवलेला. सुखदेवरावांनी डॉक्टरांचं पथ्य सांगून वडा नाकारला आणि मुलीला जबरदस्तीनं खायला लावला.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "एवढा आलो तं मले दाखवा तरी, हे कसं होते ते." आम्ही त्यांना लाल खोलीत नेलं. प्रतीक्षानं एक बाटली काढली, निळी बत्ती लावली. दुधासारखं पांढरं हळूहळू निवळत गेलं, वर तेलाचा थर आला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे तू केलं?" एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांचा फोन आला. संसर्ग हाडात गेला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी त्यांना विचारलं, "खरं सांगा, आमचं लावलं असतं तर?" ते म्हणाले, "मॅडम, हाडापर्यंत गेलं होतं. काहीही लावलं असतं तरी हेच झालं असतं." ते खरं बोलले की माझं मन राखलं, हे मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. माझं 'नाही' बरोबर होतं हे मला कळतं. तरी एखाद्या दुपारी, काही कारण नसताना, त्या पायाची आठवण येते आणि हातातलं काम तसंच राहतं.

प्रतीक्षा आता येणार नाही असं मी धरून चालले होते. एखाद्या कंपनीत लागेल, पगार घेईल, कोण तिला नावं ठेवणार? काही आठवड्यांनी ती आली. पिशवी खुंटीला लावली, कोट चढवला आणि म्हणाली, "मॅडम, उंदरांची परवानगी आली काय?" मी म्हटलं, आली. लाल दिवा लागला, यंत्राची शिट्टी सुरू झाली. गुणगुणणं मात्र पुष्कळ दिवस ऐकू आलं नाही. एकदा अचानक आलं तेव्हा मी दाराबाहेरच थोडा वेळ उभी राहिले. प्रयोग बिघडला असणार हे कळत होतं, तरी बरं वाटलं.

उंदरांच्या जखमा आमच्या इमल्शननं लवकर भरल्या. कण थोडेफार यकृतात सापडले, ते का आणि किती दिवस राहतात याचं पुरतं उत्तर मिळालं नाही. प्रतीक्षानं प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलं. मी म्हटलं, परीक्षक यावर धरतील. ती म्हणाली, "धरू द्या."

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा असा नियम आहे. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. नातेवाईक नवे कपडे घालून येतात, सहकारी घड्याळ बघतात आणि सगळ्यांचा जीव बाहेरच्या समोशांत अडकलेला असतो. बाहेरचे परीक्षक दूरवरून आले होते, भारी विद्वान आणि तितकेच खडूस. त्यांनी यकृतातल्या कणांवरून प्रतीक्षाला बरंच उभं-आडवं घेतलं. ती इंग्रजीत, न अडखळता, जे माहीत होतं ते सांगत गेली आणि जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणत गेली. त्यांचा चेहरा काही सैल होईना. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे सभागृहाकडे पाहिलं. "कुणाला काही विचारायचंय?"

पहिल्या रांगेत सुखदेवराव होते. नकली पाय, पांढराशुभ्र सदरा. त्यांनी हात वर केला.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालीच पाहिलं. सुखदेवराव काठी टेकत उठले.

"मले इंग्रजी समजत नाही," ते मुलीला म्हणाले. "माहा एकच सवाल आहे. उद्या माह्यासारखा एखादा आला, पायाची जखम घेऊन. पोरगी संग आली, हातापाया पडून राहिली. तं त्याले लावशीन काय तू हे?"

प्रतीक्षानं टेबलाची कड धरली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "अजून नाही."

त्यांनी मान हलवली, परीक्षकांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "मंग करा पास, साहेब."